शिंपल्या घालूनही अंडी लिबलिबीत का?

परसदारी | ९ एप्रिल, सकाळी ७.४०
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ घर आहे. परसात बारा पक्षी: सहा आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड, जास्त अंडी देणारी तांबडी जात), पाच गावरान आणि एक कोंबडा. गेल्या तीनेक आठवड्यांपासून सकाळी खुराडं उघडलं की दांडीखाली एक तरी अंडं बिनटरफलाचं पडलेलं असतं. हातात घेतलं तर पाणी भरलेल्या फुग्यासारखं. बाकीच्यांतही काही ना काही खोट. एकावर पुळ्यांसारखे खरखरीत ठिपके, एकाच्या मधोमध कंबरपट्टा बांधावा तशी उंच रेघ, आणि दोन-तीन तर टोपलीत ठेवताना बोटाच्या दाबानेच टिचली.

खाणं असं: सकाळी लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), त्यात कालवांच्या शिंपल्या कुटून केलेली पूड एक मोठा चमचा. दुपारी घरातला उरलेला भात, भाकरी. संध्याकाळी कण्या आणि कोंडा. दिवसभर मोकळ्या फिरतात. दुकानदाराने पाण्यातून द्यायचं कॅल्शियम टॉनिक दिलं, ते दहा दिवस झालं देतोय. फरक शून्य. शेजारच्या काकू म्हणतात, नजर लागली. मीठ-मोहरी ओवाळूनही झाली. शिंपल्या देतोय, टॉनिक देतोय, मग चुकतंय कुठे?

टिवल्याबावल्या | ९ एप्रिल, सकाळी ८.०५
सोलायचं काम वाचलं की हो!

सड्यावरची | ९ एप्रिल, सकाळी ९.१२
आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी मागच्या दारी कालवं आणि तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीगच असायचा. कोंबड्या दिवसभर तिथे टोचत बसायच्या. आजीने कधी पूड केली नाही की मोजून घातलं नाही. विचारलं तर म्हणायची, "तिका काय व्हया ता तिकाच म्हायत." मऊ अंडं मी लहानपणी एखाददुसरंच पाहिलं असेल. अर्थात तेव्हा सगळ्या गावठी. बारा-पंधरा अंडी घालायची आणि खुडूक बसायची. रोज अंडं देणारी कोंबडी कोणी पाहिली होती?

पोल्ट्रीचा हिशेब | ९ एप्रिल, दुपारी १.३०
चौदा वर्षं सांगलीकडे तीन हजार लेअरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, शेड चालवली, आता गुडघ्यांनी रजा घेतलीय. परसदारी, तुम्ही सगळं सांगितलंत, एकच सोडलंत. मॅश किती ग्रॅम? "सकाळी मॅश" म्हणजे काहीच कळत नाही. रोज घालता ते भांडं भरून काट्यावर ठेवा आणि आकडा सांगा. पिशवीवर कॅल्शियमचा टक्का छापलेला असतो, तोही. आणि मऊ अंडी कोणाची, आरआयआरची की गावरानची? वय काय?

परसदारी | ९ एप्रिल, संध्याकाळी ६.५०
वजन केलं. सगळ्यांत मिळून ६०० ग्रॅम. पिशवीवर ३.८ टक्के. आरआयआर पाच जणी दीड वर्षाच्या, एक जुनी आहे, साडेतीन वर्षांची. गावरान वेगवेगळ्या वयाच्या. मऊ अंडी बहुतेक आरआयआरचीच असावीत, कारण गावरान त्या दांडीवर बसतच नाहीत, त्यांची जागा माळ्यावरच्या पेंढ्यात.

पोल्ट्रीचा हिशेब | ९ एप्रिल, रात्री ९.१५
मग उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

एका अंड्याचं टरफल साधारण साडेपाच-सहा ग्रॅम. त्यातला ९४-९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे एका टरफलात सव्वादोन ग्रॅमच्या आसपास निव्वळ कॅल्शियम जातं. कोंबडी खाते त्यातलं निम्म्याच्या थोडं वर-खाली अंगी लागतं, बाकी विष्ठेतून बाहेर. म्हणून रोज घालणाऱ्या कोंबडीच्या पोटात दिवसाला चारेक ग्रॅम जायला हवं. मॅश बनवणाऱ्याने ३.८ टक्के उगाच ठेवलेलं नाही. कोंबडी ११० ग्रॅम मॅश खाईल असं धरून ठेवलंय. ११० ग्रॅमला ४.२ ग्रॅम. हिशेब जुळला.

तुमच्याकडे ६०० भागिले १२, म्हणजे ५० ग्रॅम. त्यातून १.९ ग्रॅम. शिंपल्यांचा एक चमचा धरा १० ग्रॅम, तो बारा जणांत वाटला की प्रत्येकीला ०.३ ग्रॅम. झाले २.२. त्यातलं अंगी लागणार एक-सव्वा. उरलेलं पोट भरतंय भाताने आणि कण्यांनी, ज्यात कॅल्शियम नावालाच असतं. मॅश चांगला आहे हो, पण तुम्ही त्यात भाताचं पाणी घातलंत. दुधात घालतात तसं.

मग इतके दिवस टरफल आलं कुठून? हाडांतून. अंड्यावर येण्याच्या दोनेक आठवडे आधी तलंगेच्या (तरुण कोंबडीच्या) मांडीच्या हाडात आतल्या पोकळीत एक वेगळं, ठिसूळ हाड तयार होतं. ती तिची तिजोरी. रात्री पोट रिकामं झालं की तिथून कॅल्शियम निघतं आणि टरफलाला लागतं. दुसऱ्या दिवशी खाण्यातून भरपाई झाली नाही की तिजोरी रिकामी व्हायला लागते. मार्चपर्यंत चाललं, आता खडखडाट.

गावरान वाचल्या कारण त्या वर्षाला साठ-ऐंशी अंडी घालतात. आरआयआर दोनशेच्या पुढे जाते. एकाच ताटात जेवतात, पण खर्च तिप्पट.

आता वेळेचं. कोंबडीने सकाळी नऊला अंडं घातलं की अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो. पांढरं चढायला तीनेक तास, आतला पापुद्रा चढायला तासभर. दुपारी दोन-अडीचला ते टरफलाच्या पिशवीत पोचतं आणि तिथे तब्बल वीस तास मुक्काम. सुरुवातीला काम सावकाश, खरा गिलावा रात्री चढतो. तुम्ही पूड देता सकाळी सातला. पूड म्हणजे पूडच, काही तासांत पोटातून पुढे सरकते. रात्री गवंडी कामाला लागला तेव्हा सिमेंटची गाडी कधीच निघून गेलेली. त्याऐवजी तांदळाच्या दाण्याएवढे, त्याहून जरा मोठे तुकडे दिले तर ते कलेजी-पेठ्यातला जो पेठा, त्यात अडकून राहतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळतात. सड्यावरच्या ताईंच्या आजीने पूड केली नाही, हेच बरोबर केलं.

तेव्हा: मॅश माणशी, म्हणजे कोंबडीशी, १०० ग्रॅम. भात-कण्या मूठभर, तेही मॅश संपल्यावर. शिंपल्यांचे तुकडे वेगळ्या भांड्यात, दुपारी चारपासून समोर. मॅशमध्ये मिसळू नका. जिला हवं ती खाईल, कोंबड्याला नको तो खाणार नाही.

आणि कोंडा बंद करा किंवा फार कमी करा. कोंड्यातला फॉस्फरस ज्या रूपात असतो तो कॅल्शियमला धरून बसतो, पचूच देत नाही. तुम्ही नेमका संध्याकाळी देताय.

सड्यावरची | ९ एप्रिल, रात्री ९.४०
आजीला सांगायला हवं होतं, तिच्या मागच्या दारी एवढं शास्त्र पडलं होतं म्हणून.

पानवाला नाही | १० एप्रिल, सकाळी १०.२०
एवढा खटाटोप कशाला? आम्ही पाण्यात पानाचा चुना टाकतो, वरची निवळी देतो. वडिलांपासून चालत आलंय.

पोल्ट्रीचा हिशेब | १० एप्रिल, दुपारी १२.०५
दादा, रागावू नका, पण निवळीचाही हिशेब करू. चुना पाण्यात फार विरघळतच नाही. लिटरभर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅम, बस. त्यात कॅल्शियम निम्म्याहून थोडं जास्त, ०.९ ग्रॅम. कोंबडी दिवसाला पाव लिटर पिते. म्हणजे ०.२ ग्रॅम. गरज चारची. वर ते पाणी तुरट-जळजळीत, कोंबड्या कमी पितात, आणि उन्हाळ्यात पाणी कमी प्यायल्या की अंडं आणखी पातळ. खालचा गाळ चुकून प्यायल्या तर घसा भाजेल, तो वेगळाच. टॉनिकची गत तीच. बाटलीवर आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. तुमच्या कोंबडीला रोज चार हजार मिलिग्रॅम हवेत. परसदारी, किती बाटल्या पाजणार?

पानवाला नाही | १० एप्रिल, दुपारी १२.३०
माझ्या कोंबड्यांची अंडी चांगली येतात.

पोल्ट्रीचा हिशेब | १० एप्रिल, दुपारी १२.४१
गावरान आहेत ना? आणि मोकळ्या? त्या गोगलगायी, भिंतीचा चुना खाऊन त्यांचं त्या बघतात. निवळी बिचारी फुकट मान खाते.

जनावरांची डॉक्टर | १० एप्रिल, रात्री १०.१०
वरचा हिशेब बरोबर आहे, पण सगळं खापर मॅशवर फोडायच्या आधी दोन गोष्टी बघू.

पहिली, तारीख. तुमचा त्रास मार्चच्या मध्यावर सुरू झाला. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातला कार्बोनेट येतो याच कार्बन डायऑक्साइडपासून. म्हणजे पोटात कॅल्शियम भरपूर असलं तरी जोडीदार गायब. शिवाय उकाड्यात खाणं कमी होतं. त्यामुळे मॅश सकाळी सहाच्या आत आणि ऊन उतरल्यावर, असा दोनदा विभागून द्या. खुराड्यावर पत्रा असेल तर त्यावर झावळ्या टाका. पाणी सावलीत, मातीच्या भांड्यात, दिवसातून तीनदा बदला.

दुसरी, आजार. एक अंडं ताटलीत फोडा. पांढरं बलकाभोवती घट्ट उभं राहतं की पाण्यासारखं पसरतं? टरफलावर सुरकुत्या आहेत का? कोंबड्या शिंकल्या, घरघरल्या होत्या का? इन्फेक्शियस ब्राँकायटिस हा श्वासाचा आजार होऊन गेला की सुरकुतलेली अंडी आणि पाणचट पांढरं महिनोन्‌महिने राहतं, शिंपल्यांनी ते सुधारत नाही. मानमोडीतही (राणीखेत) अंडी बिघडतात. मऊ अंडी एकदम खूप, आणि कोंबडी मात्र धडधाकट, असं दिसलं तर ईडीएस-७६ नावाचा विषाणू मनात येतो. १९७६ साली त्याचं वर्णन झालं म्हणून ते नाव. मुळात तो बदकांचा. तुमच्याकडे किंवा शेजारी बदकं आहेत का? आणि कुठलं सल्फा औषध दिलंत का हगवणीवर? त्यानेही टरफल पातळ होतं.

परसदारी | ११ एप्रिल, सकाळी ८.२५
डॉक्टर, बदकं नाहीत. शिंका नाहीत. औषध टॉनिक सोडून काही नाही. तीन अंडी फोडली, पांढरं छान उभं राहिलं. आईने लगेच त्याचं ऑम्लेट केलं, त्यामुळे फोटो नाही. पत्रा आहे, आजच झावळ्या टाकतो.

ते कंबरपट्ट्याचं अंडं मात्र परत आलं आज.

दक्षिणेकडचा | ११ एप्रिल, दुपारी २.५०
मेलबर्नहून. आमच्याकडे चार ईसा ब्राउन जातीच्या कोंबड्या आहेत, मागच्या अंगणात. कंबरपट्ट्याची अंडी आम्हालाही यायची. दुपार-संध्याकाळी अंडं पिशवीत असतं, टरफल कागदाइतकं पातळ. तेव्हा कोंबडी घाबरून उडाली, एकमेकींवर आदळली, की ते आतच तडकतं. मग तिथेच त्यावर नवा थर चढतो आणि सांध्याची रेघ उमटते. आमच्याकडे कोल्हा कुंपणाला घासत होता, रोज संध्याकाळी. तुमच्याकडे कोण येतं?

परसदारी | ११ एप्रिल, दुपारी ३.१५
अरे देवा. शेजाऱ्यांचं नवं कुत्रं! मार्चमध्येच आणलंय. साडेसहा-सातला सोडतात आणि ते थेट खुराड्याच्या जाळीवर. माझ्या डोक्यातच आलं नाही.

टिवल्याबावल्या | ११ एप्रिल, दुपारी ३.२०
काकूंची नजर नाही, कुत्र्याची नजर.

जनावरांची डॉक्टर | ११ एप्रिल, रात्री ९.३०
बघा! हे मला सुचलं नव्हतं. खरखरीत ठिपक्यांचं मात्र फार मनावर घेऊ नका, ते टरफलावर जास्तीचं कॅल्शियम बसल्याने येतात, अंडं खायला उत्तम. टिचलेलं आणि बिनटरफलाचं अंडं मात्र कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नका. पापुद्रा फाटला असेल तर सरळ टाकून द्या.

द्राक्षनगरी | १२ एप्रिल, सकाळी ७.०५
नाशिक. धाग्याला थोडा फाटा. मागच्या वर्षी माझी सगळ्यांत जास्त अंडी देणारी कोंबडी एका सकाळी उठलीच नाही. डोळे स्वच्छ, खायला मागतेय, पाय मात्र हलत नाहीत. मला वाटलं मानमोडी, बाकीच्यांपासून वेगळी केली. दवाखान्यात नेली तर डॉक्टरांनी छातीचं हाड चाचपून दाखवलं, एस अक्षरासारखं वाकलेलं. म्हणाले, हिने स्वतःला अंड्यात घातलंय. इंजेक्शन, आठवडाभर टोपलीखाली विश्रांती, शिंपल्या. उभी राहिली, पण लंगडते अजून. हिशेबकाकांचं तिजोरीचं वाचलं तेव्हा कळलं तिला काय झालं होतं. अंडी तर शेवटपर्यंत चांगली देत होती हो, टरफलंही ठीकठाक! म्हणजे टरफल बिघडेपर्यंत थांबायचं नाही.

पोल्ट्रीचा हिशेब | १२ एप्रिल, सकाळी ७.५०
शेडमध्ये असल्या कोंबड्या कापायला गेल्या की खाटीक सांगायचा, हाड काडीसारखं मोडतं म्हणून. टरफलावर आईची माया असते, हाडावर नाही.

नवीनच | १२ एप्रिल, सकाळी ११.४५
माझ्याकडे मोठ्या कोंबड्यांसोबत दोन महिन्यांची पिल्लं आहेत. एकत्रच खातात. सगळ्यांना लेअर मॅश दिला तर चालेल ना? कॅल्शियम जास्त म्हणजे हाडं मजबूत?

जनावरांची डॉक्टर | १२ एप्रिल, दुपारी १.००
नाही, अजिबात नको! पिल्लांना एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरतं. त्याच्या चौपट रोज गेलं तर मूत्रपिंडं निकामी होतात, युरेट साचून आतले अवयव पांढरे पडतात, गाऊट म्हणतात त्याला. सोळा-अठरा आठवड्यांपर्यंत लेअर मॅश दाखवायचासुद्धा नाही. एकत्र ठेवणं भागच असेल तर उलटं करा. सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पिल्लांचं खाद्य) द्या आणि शिंपल्यांचे तुकडे वेगळ्या भांड्यात, पिल्लांची चोच पोचणार नाही अशा उंचीवर टांगा. तलंगा अंड्यावर आल्या की पहिले काही दिवस एखादं मऊ अंडं पडेल, घाबरू नका, यंत्र नवं आहे. कधी एकाच दिवशी दोन बलक सुटतात, मग पहिल्याला टरफल मिळतं, दुसरं उघडं येतं.

नवीनच | १२ एप्रिल, दुपारी १.१०
बापरे. धन्यवाद. आजपासून बदलते.

वऱ्हाडी ठेचा | १३ एप्रिल, सकाळी १०.३०
तुम्हा कोकणवाल्यांचं बरं आहे. आमच्या अकोल्यात कालवं कुठून आणायची? फरशीच्या दुकानातली संगमरवरी चुरी चालेल का?

पोल्ट्रीचा हिशेब | १३ एप्रिल, दुपारी १२.२०
कोंबडी खाद्याच्या दुकानात शेल ग्रिट किंवा मार्बल ग्रिट म्हणून मागा, स्वस्त असतं. फरशीवाल्याकडची चुरी घेताना जपून, काही संगमरवरात मॅग्नेशियम फार असतं, त्याने अंडं उलट बिघडतं. घेतलीच तर एका खड्यावर लिंबू पिळा. चांगला चुनखडीचा खडा फसफसतो, मॅग्नेशियमवाला नुसता बघत बसतो. नाहीतर घरातली अंड्यांची टरफलं आहेतच. तव्यावर दहा मिनिटं खरपूस भाजा आणि ओबडधोबड चुरा. न भाजता, अर्धं टरफल तसंच टाकलंत तर कोंबड्यांना अंड्याची चव लागते आणि मग त्या डब्यात बसूनच नाश्ता करतात. ती सवय सुटत नाही, अनुभवाने सांगतो. समुद्रावरच्या शिंपल्या आणणाऱ्यांनी गोड्या पाण्यात दोनदा धुवा, मीठ जायला हवं.

परसदारी | ४ मे, सकाळी ८.१५
मंडळी, तीन आठवड्यांनी हजर.

मॅश आता काट्यावर मोजून, प्रत्येकीला १०० ग्रॅम, पहाटे आणि संध्याकाळी. कोंडा बंद. शिंपल्या उखळात ओबडधोबड कुटल्या. उखळ आईचं होतं, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. तुकडे करवंटीत घालून जाळीला टांगले. पहिल्या दिवशी आरआयआर अशा तुटून पडल्या की तासात करवंटी चाटून साफ. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून निवांत, येता-जाता दोन टोची. कोंबडा त्या बाजूला फिरकतही नाही. शेजाऱ्यांशी बोललो, कुत्रं आता आठनंतर सोडतात, तोवर खुराड्यावर गोणपाट पडलेलं असतं. कंबरपट्टा गेला. टिचणारी अंडी गेली.

पण बिनटरफलाचं अंडं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडतंच होतं, म्हणून एकेक आरआयआर रात्री डालग्याखाली वेगळी डालून बघितली. पाचव्या रात्री चोर सापडला. आमची जुनी तांबडी, साडेतीन वर्षांची.

पोल्ट्रीचा हिशेब | ४ मे, सकाळी ९.००
वाटलंच होतं. वय वाढलं की अंडं मोठं होत जातं, पण टरफलाचा माल तेवढाच, तो जास्त जागेवर पसरावा लागतो. शिवाय पिशवीही थकते. हिला शिंपल्या कितीही दिल्यात तरी पूर्वीसारखं व्हायचं नाही. शेडमध्ये आम्ही दीड वर्षाच्या आसपासच काढून टाकायचो. परसातलं तुमचं तुम्ही ठरवा.

टिवल्याबावल्या | ४ मे, सकाळी ९.०४
रविवारी कोण कोण येणार गुहागरला? वडे-सागुतीचं बघा.

परसदारी | ४ मे, सकाळी ९.३०
आई हा धागा माझ्या खांद्यावरून वाचतेय. तिने सांगितलंय की तांबडीला कोणी हात लावला तर उखळाचा विषय पुन्हा निघेल. मऊ अंडं मांजराला शिजवून देतोय सध्या.